चिंपांझींची गस्त

७ जानेवारी १९७४ रोजी टांझानिया देशातल्या गोंबे येथील जंगलात, टांगानिका सरोवराच्या काठाजवळ, गोडी नावाचा एक तरुण चिंपांझी झाडावर एकटाच बसून खात होता. उत्तरेकडून सहा प्रौढ नरांची एक तुकडी आवाज न करता आली. गोडीला चाहूल लागली तेव्हा उशीर झाला होता. तो उडी मारून पळाला, पण हम्फ्री नावाच्या नराने त्याचा पाय धरून त्याला खाली पाडले आणि त्याला जमिनीशी दाबून धरले. बाकीचे त्याला मारत आणि चावत राहिले. हे सुमारे दहा मिनिटे चालले. मग ते सगळे निघून गेले. गोडी कसाबसा उठला, पण त्यानंतर तो कोणालाही पुन्हा दिसला नाही.

हा हल्ला हिलाली मातामा या टांझानियन सहायकाने डोळ्यांनी पाहिला. ते जेन गुडॉल यांच्या पथकात काम करत होते. गुडॉल १९६० च्या जुलैमध्ये गोंबेला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी चिंपांझींना गवताच्या काड्या वापरून वारुळातून वाळवी काढताना पाहिले होते. माणूस सोडून दुसरा प्राणी हत्यारे बनवतो, ही त्या काळी मोठी बातमी होती. पुढची चौदा वर्षे गुडॉल यांच्या लिखाणातून जगासमोर आले ते एकमेकांच्या अंगावरच्या उवा काढणारे, पिल्लांशी खेळणारे, भांडण झाल्यावर हात पुढे करून समेट करणारे चिंपांझी. त्यामुळे गोडीचा मृत्यू सगळ्यांनाच धक्का देऊन गेला.

वाईट वाटावे असे आणखी एक कारण होते. मारणारे आणि गोडी काही वर्षांपूर्वी एकाच टोळीत होते. ती टोळी फुटून उत्तरेला कासाकेला आणि दक्षिणेला कहामा अशा दोन टोळ्या झाल्या. गोडीनंतर कहामाचे नर एकेक करून मारले गेले किंवा नाहीसे झाले. त्यांत गोलायथ नावाचा म्हातारा चिंपांझीही होता. एके काळी तो फुटण्यापूर्वीच्या अख्ख्या टोळीचा प्रमुख होता, पण त्याची ती जुनी ओळख कामी आली नाही. १९७८ पर्यंत कहामा टोळी संपली आणि तिचा मुलूख कासाकेलाच्या ताब्यात आला. मात्र त्याच्या पलीकडे कालांडे नावाची अधिक बलवान टोळी होती. कहामाची भिंत मधून गेल्यावर ती पुढे सरकली आणि जिंकलेल्या मुलखातून विजेत्यांना थोड्याच काळात मागे हटावे लागले.

याला पुस्तकांत ‘गोंबेचे चार वर्षांचे युद्ध’ म्हणतात. युद्ध हा शब्द इथे वापरावा की नाही यावर वाद आहे. मला मात्र त्या वादाच्याही आधी चकित केले ते चिंपांझींच्या गस्तीने.

चिंपांझी हा एरवी अतिशय गोंगाटी प्राणी आहे. फळांनी लगडलेले झाड सापडले की तो ओरडतो, आणि मोठ्या झाडांच्या मुळांवर हातपाय आपटून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतो. पण अधूनमधून टोळीतले नर एकत्र जमतात आणि आपल्या हद्दीकडे चालू लागतात. तेव्हा त्यांचे वागणे पार बदलते. ते एकामागे एक, एकेरी रांगेत चालतात. कोणी तोंडातून आवाज काढत नाही. वाळलेल्या पाचोळ्यावर पाय पडू नये असे पाहतात. मध्येच थांबून कान देतात. जमीन हुंगतात, एखादे पान उचलून नाकाशी नेतात, शेजारच्या टोळीने झोपण्यासाठी बांधलेली जुनी घरटी तपासतात. कुठे फांदी मोडल्याचा आवाज आला की दचकून एकमेकांना हात लावतात, कधी मिठी मारतात. वाटेत खायला मिळाले तरी तिकडे फारसे लक्ष देत नाहीत. आणि आपल्या मुलखात सुखरूप परतले की इतका वेळ दाबून ठेवलेला सगळा गोंगाट एकदम बाहेर पडतो.

फील्डक्राफ्टच्या तासाला उस्ताद जे आम्हाला ओरडून ओरडून शिकवतात, ते हे प्राणी उस्तादांशिवाय करतात. आमच्या सेक्शनमध्ये रात्रीच्या गस्तीच्या सरावाला कोणाची तरी पाण्याची बाटली वाजतेच. आणि परत आल्यावरचा गोंगाट कसा असतो ते मेसमधल्या काकांना विचारावे.

आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलातून २०२३ मध्ये आलेली माहिती तर याच्याही पुढची आहे. तिथे दोन शेजारी टोळ्यांवर तीन वर्षे नजर ठेवण्यात आली. हद्दीकडे जाताना चिंपांझी वाटेतल्या टेकड्यांवर चढत, मुलखाच्या मध्याकडे जाताना तेवढे चढत नसत. वर गेल्यावर ते कचाकचा खात नसत, गोंधळ करत नसत, शांत बसत. दाट जंगलात टेकडीवरूनही फार दूरचे दिसत नाही, पण शेजाऱ्यांचे आवाज मात्र ऐकू येतात. आपण ज्याला ओपी म्हणतो, तशीच ही जागा, फक्त दुर्बिणीऐवजी कानांची. टेकडी उतरल्यावर परक्या मुलखात शिरायचे की नाही हे शेजारी किती लांब आहेत त्यावर ठरे. ते अर्ध्या किलोमीटरवर असतील तर पुढे जाण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, एक किलोमीटरवर असतील तर ५०, आणि तीन किलोमीटरवर असतील तर ६० टक्के.

म्हणजे धोका टाळून पुढे सरकणे. यातला हिशेब आणखी स्पष्ट दाखवणारा एक प्रयोग आहे, आणि सगळ्या माहितीत तो मला सर्वांत जास्त आवडला. युगांडामधल्या किबाले जंगलात संशोधकांनी झाडीत स्पीकर लपवून ठेवला आणि त्यातून एका परक्या नराची हाक वाजवली. फक्त एकाच नराची. ऐकणाऱ्यांत तीन किंवा अधिक प्रौढ नर असले की ते एकमुखाने मोठ्याने ओरडत आणि मिळून स्पीकरच्या दिशेने जात. एक किंवा दोनच नर असले तर ते बहुतेक वेळा गप्प राहत, कमी वेळा पुढे जात, आणि गेले तरी हळूहळू जात. परका नर एकटा आहे हे दोन नरांनाही कळत असणारच. पण एकास दोन हे बळ त्यांना पुरेसे वाटत नव्हते. हल्ला करणाऱ्याकडे बचाव करणाऱ्याच्या तिप्पट बळ हवे हा सैन्यातला जुना ठोकताळा आहे. चिंपांझींना तो कोणी सांगितला असेल?

प्रत्यक्ष हल्ल्यांत तर ते याहून सावध असतात. २०१४ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी पाच दशकांच्या नोंदी एकत्र केल्या. चिंपांझींच्या १८ टोळ्यांत मिळून १५२ हत्या मोजल्या गेल्या, काही डोळ्यांनी पाहिलेल्या, काही पुराव्यावरून ठरवलेल्या, काही संशयित. दोन टोळ्यांमधल्या हत्यांत मारणारे आणि मरणारा यांचे ठराविक प्रमाण आठास एक असे निघाले. याला शौर्य म्हणता येणार नाही.

मारून मिळते काय? युगांडातच न्गोगो येथे एक असाधारण मोठी टोळी राहत होती. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत तिच्या नरांनी शेजाऱ्यांतले २१ चिंपांझी मारले. त्यांतले बहुतेक बळी ईशान्येकडच्या एकाच टोळीतले असावेत. २००९ मध्ये न्गोगोच्या चिंपांझींनी नेमक्या त्याच बाजूचा मुलूख वापरायला सुरुवात केली. त्यांचा प्रदेश २२ टक्क्यांनी वाढला. जास्त प्रदेश म्हणजे जास्त फळझाडे.

गोंबेच्या घटनांवर एक आक्षेप होता आणि तो सांगायलाच हवा. गुडॉल यांनी चिंपांझी जवळ यावेत म्हणून त्यांना केळी द्यायला सुरुवात केली होती. केळ्यांसाठी गर्दी झाली, भांडणे वाढली, म्हणून हा हिंसाचार माणसानेच घडवला, निसर्गात तो नाही, असे काही अभ्यासक म्हणत. आक्षेप अगदी योग्य होता. पण २०१४ च्या त्या मोजणीत, माणसाचा त्रास जिथे जास्त तिथे हत्या जास्त, असा संबंध आढळला नाही. ज्या टोळ्यांना कोणी कधी केळे दिले नाही त्यांतही हत्या होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चिंपांझींचे आणि आपले पूर्वज साधारण साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी एकच होते. त्यांच्या आणि आपल्या जनुकांमध्ये सुमारे ९८.७ टक्के साम्य आहे. मग लढाई आपल्या रक्तातच आहे का? आमच्यापैकी बरेच जण एनडीएची तयारी करतात, त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की कोणी ना कोणी काका हे वाक्य ऐकवतातच. ‘अरे, लढाई माणसाच्या रक्तातच आहे, ती कधी संपणार नाही.’ काहींना त्यात आनंद असतो, काहींना दुःख. आई या वाक्याला उत्तर देत नाही, उठून स्वयंपाकघरात जाते.

काकांच्या वाक्यात पहिली अडचण बोनोबोंची आहे. काँगो नदीच्या दक्षिणेला राहणारी ही चिंपांझींची सख्खी भावंडे. दिसायला थोडी सडपातळ, काळ्या चेहऱ्याची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. आपण चिंपांझींना जेवढे जवळचे आहोत तेवढेच बोनोबोंनाही आहोत. २०१४ च्या मोजणीत बोनोबोंच्या चार टोळ्या होत्या आणि त्यांच्या नावावर एकच हत्या होती, तीही संशयित. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की आरडाओरडा होतो, पण नंतर पुष्कळदा त्या एकत्र राहतात. काँगोमधल्या कोकोलोपोरी येथे दोन वर्षांच्या निरीक्षणात वेगवेगळ्या टोळ्यांतले बोनोबो एकमेकांचे अंग साफ करताना आणि खाणे वाटून घेताना दिसले. बोनोबो संत आहेत असे मात्र नाही. त्यांचे नर आपापसांत भरपूर मारामाऱ्या करतात. फक्त त्या मारामाऱ्यांसाठी ते फौजा बांधत नाहीत. त्यांच्यात माद्या एकजुटीने राहतात आणि दादागिरी करणाऱ्या नराला हाकलतात, हे एक कारण सांगितले जाते. दोन भावंडांतला एक असा आणि दुसरा तसा असेल, तर त्यांच्याकडे पाहून आपल्या सामाईक पूर्वजाचा स्वभाव ठरवणे कठीण आहे.

दुसरी साक्ष हाडांची. सुदानमध्ये नाईल नदीजवळ जेबेल साहाबा येथे तेरा हजार वर्षांहून जुनी दफनभूमी १९६० च्या दशकात खणली गेली. तिथे ६१ माणसांचे सांगाडे मिळाले. बऱ्याच जणांच्या हाडांवर दगडी टोकांच्या शस्त्रांच्या जखमा आहेत. स्त्रिया आणि मुलेही त्यातून सुटलेली नाहीत. २०२१ मध्ये ही हाडे पुन्हा तपासली तेव्हा काहींच्या अंगावर भरून आलेल्या जुन्या जखमांबरोबर नव्या जखमाही दिसल्या. म्हणजे ही एकाच दिवसाची लढाई नव्हती, हल्ले पुन्हा पुन्हा होत होते. पण आपल्या प्रजातीचे वय सुमारे तीन लाख वर्षे आहे. त्या हिशेबाने जेबेल साहाबा कालपरवाचे. त्याच्या मागे जावे तसा टोळ्यांमधल्या लढाईचा पुरावा फार विरळ होत जातो. उलट, केनियामध्ये ओलोर्गेसाइली येथे सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची हत्यारे सापडली आहेत, काळ्या ज्वालामुखीय काचेची. ती काच तिथली नाही, २५ ते ९० किलोमीटरवरून आणलेली आहे. एवढ्या लांबची वस्तू हाती येते याचा सरळ अर्थ असा लावला जातो की टोळ्यांची एकमेकांशी देवघेव होती. चिंपांझीला इतक्या लांबून काही आणायचे तर मधल्या सगळ्या टोळ्यांतून जिवंत परत यावे लागेल.

१९८६ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरात शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. युद्धाची प्रवृत्ती आपल्याला प्राण्यांकडून वारशाने मिळाली असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असे त्यात होते. पुढे युनेस्कोने तो स्वीकारला. हेतू चांगला होता. तरी मला तो घाईचा वाटतो, कारण गोंबेच्या नोंदी तोपर्यंत समोर आलेल्या होत्या. काकांची घाई उलट बाजूने आहे. लढाई भुकेसारखी रक्तात असती तर स्पीकर ऐकून ते दोन नरही धावून गेले असते. ते गप्प बसले. चिंपांझी लढतो तेव्हा संधी मिळाली म्हणून लढतो, आणि समोरचा सावध आणि संख्येने पुरेसा असेल तर परत फिरतो. सीमेवर रात्रभर जागणाऱ्या जवानाचे काम काय, हे मला या प्रयोगातून जितके पटले तितके आजवर कोणत्याही भाषणातून पटले नव्हते.

आपले वेगळेपण कशात आहे, हे सारा हर्डी या अमेरिकन अभ्यासक बाईंनी छान सांगितले आहे. त्यांनी सुरुवातीचा अभ्यास राजस्थानात माउंट अबूच्या हनुमान लंगुरांवर केला होता. त्यांनी पुढे एका पुस्तकात कल्पना मांडली की विमानात माणसांऐवजी अनोळखी चिंपांझी भरले तर काय होईल. उतरताना किती जणांची बोटे आणि कान शाबूत असतील, याची खात्री नाही. माणसे मात्र तासन्‌तास अनोळखी शेजाऱ्याला कोपर लागू न देता बसतात. आपल्याकडे विमान कशाला, सुट्टीच्या दिवसांत जनरलचा डबा पाहावा. सहावीत मी इथे आलो तेव्हा माझ्या डॉर्मिटरीत माझी भाषा बोलणारे आणखी एकच जण होते. पहिल्या रात्री कोणाचा कान तुटला नाही.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. अनोळखी माणसांवर विश्वास टाकता येतो म्हणूनच पलटण उभी राहते. चिंपांझींची गस्त मोठ्यात मोठी म्हणजे काही डझनांची. एकमेकांना कधी न पाहिलेली लाखो माणसे एकाच गणवेशात लढायला फक्त माणूसच उभी करतो, त्यामुळे आपल्या लढायाही तेवढ्या मोठ्या. आणि शत्रूशी आधीच नियम ठरवणाराही माणूसच. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार जखमी होऊन पडलेल्या किंवा शरण आलेल्या शत्रूला मारता येत नाही, त्याच्यावर उपचार करावे लागतात. हे नियम मोडले जातात, पण मोडले की त्याला गुन्हा म्हणतात. हम्फ्रीच्या टोळीत त्या दिवशी गुन्हा असे काही घडलेच नव्हते.

शेवटी एक गोष्ट बबूनांची. ही माकडे चिंपांझींच्या मानाने आपल्याला खूप दूरची, आणि त्यांचे नर भांडखोरपणासाठी प्रसिद्ध. रॉबर्ट सापोल्स्की हे केनियामधल्या बबूनांच्या एका कळपाचा अभ्यास करत होते. शेजारी पर्यटकांचे एक लॉज होते आणि त्याच्या कचऱ्यात मांसाचे तुकडे मिळत. त्यावर दुसऱ्या कळपाचा ताबा होता, त्यामुळे सापोल्स्कींच्या कळपातले सगळ्यांत आक्रमक नरच तिथे जाऊन भांडून खात. १९८० च्या दशकात त्या मांसातून क्षयरोग पसरला आणि तिथे जाणारे सगळे नर मेले. कळपातले जवळजवळ निम्मे नर गेले, आणि उरले ते मवाळ. कळप शांत झाला. एवढे कोणीही ओळखेल.

पण बबून नर वयात आला की आपला कळप सोडून दुसऱ्या कळपात जातो. त्यामुळे १९९३ पर्यंत ते जुने मवाळ नर एकही उरले नव्हते. सगळे नर बाहेरून, नेहमीच्या भांडखोर कळपांतून आलेले होते. तरीही कळप तसाच शांत होता. वरचे नर खालच्यांना कमी छळत, आणि खालच्यांच्या रक्तात ताणाची लक्षणेही कमी दिसत. नव्या नरांना कोणी काही शिकवताना दिसले नाही. फरक दिसला तो एवढाच की या कळपातल्या माद्या नव्या नराला इतर कळपांपेक्षा बऱ्याच लवकर जवळ करत, त्याचे अंग साफ करायला बसत.

यंदा आमच्या हाऊसमध्ये सहावीची नवी मुले आली आहेत. गुडॉल यांच्यासारखी मीही एक वही केली आहे. पहिल्या महिन्यात कोणत्या सीनियरने कोणाला आधी नावाने हाक मारली, कोणी ओरडून कामाला लावले आणि कोणी बुटांना पॉलिश कसे करतात ते शेजारी बसून दाखवले, याची नोंद त्यात रोज रात्री प्रेपनंतर करतो. आतापर्यंत अकरा पाने भरली आहेत.